‘दूध-अंडी बंद, तीन महिने अंथरूण’: हा मेसेज पुढे पाठवू नका

कर्नाटकातल्या खानापूरच्या माझ्या आत्याचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. ती घरी येते न येते तोच महिला मंडळाच्या ग्रुपवरचा मेसेज हजर: ‘साखर, दूध, अंडी, डाळ बंद करा, कॅन्सर उपाशी मरतो. तीन महिने अंथरुणातून उठू नका. रोज गोमूत्र-हळद घ्या.’ दवाखान्यानं दिलेला आहाराचा कागद कन्नडमध्ये. आत्या कन्नड फाडफाड बोलते, पण वाचता येत नाही. मग मराठीत आलं तेच खरं! तिनं दूधसुद्धा सोडलं.

गाठ साखर जास्त ओढते, एवढं मान्य. पेट (PET) स्कॅन, म्हणजे गाठ शोधायची तपासणी, त्यावरच चालतो. पण आपण जेवण तोडलं म्हणून रक्तातली साखर संपत नाही. यकृत ती तयार करतं, आणि त्यासाठी स्नायूंतली प्रथिनं मोडली जातात. म्हणजे गाठीला मिळायचं ते मिळतंच, वाळतात ते आत्याचे दंड आणि मांड्या. त्यात ऑपरेशननंतर शरीर आधीच स्नायू मोडत असतं, जखमही भरायची असते. नेमकी तेव्हाच प्रथिनं बंद करा म्हणे!

‘एस्पेन’ या युरोपातल्या पोषणतज्ज्ञांच्या संस्थेनं कॅन्सरच्या रुग्णांसाठी २०२१ मध्ये दिलेला सल्ला असा: वजनाच्या दर किलोमागे रोज १ ग्रॅमहून जास्त, जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत प्रथिनं घ्या. अन्नानं गाठ पोसली जाते या भीतीनं खाणं तोडू नका, हेही त्यांनी बजावलंय. ५० किलोच्या बाईला ५० ते ७५ ग्रॅम झाले. भाताच्या पेजेवर ते कसे भरणार? दोन अंड्यांत साधारण १२, अर्धा लिटर दुधात १६. वरण, हुलग्याचं माडगं कधी सुरू करायचं ते मात्र आतड्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांना विचारूनच. किडनीचा त्रास असेल तर आकडाही तेच ठरवतील.

अंथरुणाचं म्हणाल तर, २००७ च्या एका अमेरिकन अभ्यासात धडधाकट वृद्धांना १० दिवस नुसतं झोपवून ठेवलं, तर पायांचे जवळजवळ एक किलो स्नायू गेले. ही तर ऑपरेशन झालेली बाई. शिवाय पडून राहिल्यानं पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात ते वेगळंच. पोटाच्या ऑपरेशननंतर काही आठवडे घागर, गॅसची टाकी उचलायची नाही, हर्नियाची भीती असते, तेवढं बरोबर. पण अंगणात चार फेऱ्या मारायला कुणी अडवलंय?

गोमूत्रावर मी बोटं झिजवत नाही. हळद आमटीत घाला की. हळदीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला, रक्त पातळ करण्याच्या औषधांबरोबर त्या त्रास देऊ शकतात.