नुसती यादी पुरणार नाही

एआय एजंटला ऑब्जेक्टची यादी दिली की तो प्युअर डेटाचा पॅच, म्हणजे ऑब्जेक्ट नावाचे ठोकळे वायरींनी जोडून बनवलेला आवाजाचा प्रोग्रॅम, सुधारू शकेल, हे एका लेखातलं म्हणणं मला पटलं नाही. मिलर पकेट यांच्या या प्रणालीची फाइल साध्या मजकुराची असते, त्यामुळे वाचायला अडचण नाही. खरी गोम वायरींमध्ये आहे. फाइलमध्ये 'कनेक्ट ० ० १ ०' अशी ओळ असते: शून्य क्रमांकाच्या ऑब्जेक्टचं पहिलं आउटलेट (बाहेर पडायचं टोक) एक क्रमांकाच्या ऑब्जेक्टच्या पहिल्या इनलेटला (आत यायच्या टोकाला) जोडायचं; मोजणी शून्यापासून. हे क्रमांक कुठेही लिहिलेले नसतात, फाइलमधल्या क्रमावरून मोजायचे असतात. त्यात कॉमेंट, म्हणजे नुसती टीपही मोजली जाते! एजंटने मध्येच एक ऑब्जेक्ट घुसवला की पुढच्या सगळ्या वायरी भलतीकडे जातात. माझ्या पॅचमध्ये ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा ऑब्जेक्ट) असाच व्हॉल्यूमचा गुणाकार चुकवून थेट स्पीकरला जोडला गेला. हेडफोन कानाला होते, कान बराच वेळ गुणगुणत राहिले.

म्हणून एजंटला द्यायच्या माहितीपत्रकात हा मोजणीचा नियम सगळ्यात आधी हवा. शिवाय डावं इनलेट 'गरम', म्हणजे तिथे संदेश आला की काम सुरू होतं, आणि 'ट्रिगर' हा ऑब्जेक्ट आपल्या आउटलेटमधून उजवीकडून डावीकडे संदेश सोडतो, हेही उदाहरणासकट लिहायला हवं. आणि कृपा करून, नवा ऑब्जेक्ट नेहमी सगळ्या ऑब्जेक्टच्या शेवटी जोडा, असं ठळक अक्षरांत सांगा.