न्यायाधीशाच्या दारातली विधवा

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातील आमच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, दफनभूमीच्या कुंपणासाठी जमवलेल्या वर्गणीवरून वर्षभर वाद चालू आहे. हिशेब मागणाऱ्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांना, "बाहेरचे लोक टपून बसले आहेत, आपलीच लक्तरे वेशीवर कशाला टांगता? प्रार्थना करा," असे सांगण्यात आले. माझा मावसभाऊ तेव्हापासून मिस्सेला, म्हणजे चर्चमधील रविवारच्या उपासनेला, जात नाही. मावशी रोज संध्याकाळी त्याच्यासाठी जपमाळ म्हणते आणि मला जर्मनीत कोलोनला फोन करून विचारते, "तुमच्याकडे तर चर्चेसच ओस पडली म्हणे. तू तरी जातेस ना?"

मी जाते, पण इथे तेवढ्याने भागत नाही, का जाते तेही सांगावे लागते. जर्मनीत चर्चचे सदस्यत्व ही सरकारदरबारी नोंदलेली बाब आहे. कोलोन ज्या राज्यात येते तेथे आयकराच्या नऊ टक्के इतका चर्च-कर पगारातून कापला जातो, आणि चर्च सोडायचे असेल तर फादरांकडे नव्हे, स्थानिक न्यायालयात जाऊन तीस युरो भरून तसे नोंदवावे लागते. जर्मन बिशपांच्याच परिषदेने करवून घेतलेल्या अभ्यासात १९४६ ते २०१४ या काळातील लैंगिक अत्याचाराचे ३,६७७ अल्पवयीन पीडित आणि १,६७० आरोपित धर्मगुरू व धर्मसेवक चर्चच्याच दप्तरांतून पुढे आले. हा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढे २०२२ या एका वर्षात पाच लाखांहून अधिक कॅथलिकांनी चर्च सोडले. माझ्या वॉर्डातील एक ज्येष्ठ परिचारिका त्यांपैकीच. मी मिस्सेला जाते म्हणजे हा सारा कारभार मला मान्य आहे, असा अर्थ ती काढते, आणि तिचा राग मला मुळीच अनाठायी वाटत नाही.

आमच्याकडे असे दार नाही. सोयरिकीपासून मातीपर्यंत सारे धर्मग्रामाशी बांधलेले असल्यामुळे माणूस चर्च सोडत नाही, फक्त मागच्या बाकावर सरकत जातो. त्यातच डिसेंबर २०२१ मध्ये धर्मांतरविरोधी विधेयक कर्नाटक विधानसभेने बेळगावच्याच सुवर्णसौधात मंजूर केले, तेव्हापासून चर्चमधील साधी अफरातफरसुद्धा समाजाचे गुपित होऊन बसली. ही भीती खोटी आहे असे, सुरक्षित देशात बसून, मी म्हणणार नाही. पण त्या मौनाची किंमत बाहेरचे लोक मोजत नाहीत. ज्याची वर्गणी गेली तो आपलाच असतो, आणि उद्या एखाद्या लेकराच्या बाबतीत काही घडले तर तेही आपलेच असेल.

बाप्तिस्मा, मिस्सा अशा संस्काराची कृपा तो देणाऱ्या धर्मगुरूच्या चारित्र्यावर अवलंबून नसते, हे संत ऑगस्टीन यांनी, पतित धर्मगुरूने दिलेले संस्कार व्यर्थ मानणाऱ्या दोनातवाद्यांशी वाद घालताना सोळाशे वर्षांपूर्वी मांडले. त्या शिकवणीच्याच आधाराने मी मिस्सेला उभी राहते. मात्र ती श्रद्धावंतांच्या धीरासाठी आहे, हिशेब चुकवणाऱ्याच्या बचावासाठी नाही.

"सर्वदा प्रार्थना करा, खचू नका" हे वचन आमच्याकडे गप्प बसवण्यासाठी वापरले जाते, हे मला परदेशात आल्यावर अधिक खुपू लागले. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने त्यासाठी दाखला दिला तो कोणाचा? देवाला न भिणाऱ्या, माणसाची पर्वा न करणाऱ्या न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा जाऊन, माझा न्याय कर, असे म्हणणाऱ्या विधवेचा. ती घरी बसून सोसत नाही, आणि दाद मागणेही सोडत नाही. तारखेची वाट पाहणे म्हणजे काय, हे महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या दाव्याकडे डोळे लावून बसलेल्या सीमाभागाला कोणी शिकवायला नको. तरी चर्चमध्ये मात्र आम्हाला ती बाई दिसत नाही. कोलोनच्या न्यायालयात नाव कमी करायला येणारी माणसे पाहिली की मला तीच आठवते. तिने अर्ज मागे घेतला असता तर न्यायाधीशाची झोप मोडली नसती.

मराठी ख्रिस्ती माणसाला यासाठी दूर पाहावे लागू नये. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभा केला. मिशनशी नाते तुटले, ख्रिस्ताशी नाही. ते प्रोटेस्टंट, आम्ही कॅथलिक. पण त्यांचे अभंग आमच्या घरीही म्हटले जात.

रात्रपाळी संपवून ट्राममध्ये बसले की मी मराठीत जपमाळ म्हणते. जर्मन मिस्सा मला आता नीट समजते, पण मागणे मात्र मराठीतच सुचते. कुंपणाचा हिशेब, त्या ३,६७७ जणांची नावे नसलेली आयुष्ये आणि मावसभावाचा रुसवा, हे सारे त्याच मण्यांवर येते. कधी कधी चौथ्या मण्याशीच डोळा लागतो, हेही कबूल करते.

गेल्या आठवड्यात मी हिशेबाच्या मागणीचा मसुदा लिहून मावसभावाला पाठवला आणि अट घातली की, तो द्यायला जायचे ते रविवारच्या मिस्सेनंतर, मिस्सा चुकवून नाही. त्याने सही केली आहे. मावशीने अजून केलेली नाही. आधी फादरांना विचारते, म्हणाली.