खुलासा: ‘पर्ल’मधल्या त्या गाण्यातून कोणी आवाज पुसलेला नाही

‘अमेरिकन रॉक गायिका जेनिस जॉपलिनच्या ‘पर्ल’ या शेवटच्या अल्बममधलं एक गाणं वादग्रस्त होतं, म्हणून कंपनीने तिचा आवाज पुसून नुसतं संगीत ठेवलं,’ असा मेसेज सध्या नागपुरात फिरतोय. काल गोकुळपेठेत तर्री-पोहे खाताना तिसऱ्यांदा ऐकला. अरे बाप्पा, पुसायला आधी आवाज तर हवा!

गाणं आहे गीतकार निक ग्रेव्हनाइट्सचं ‘बरीड अलाइव्ह इन द ब्लूज’. तिच्या साथीच्या फुल टिल्ट बूगी बँडने वाद्यांचा ट्रॅक वाजवून ठेवला होता, जेनिस त्यावर नंतर गाणार होती. ४ ऑक्टोबर १९७० ला लॉस एंजेलिसच्या हॉटेलात हेरॉइनच्या अतिसेवनाने ती गेली. वय २७. निर्माता पॉल रॉथचाइल्डने ट्रॅक तसाच, गायिकेविना, अल्बममध्ये ठेवला.

याच अल्बममधलं ‘मर्सिडीज बेंझ’ हे गाणं अर्धवट राहिलं म्हणून वाद्यांशिवाय आहे, हेही मेसेजमध्ये आहे. तेही खोटं. १ ऑक्टोबरला तिने ते एका टेकमध्ये, पायाने ठेका धरत म्हटलं. दोन मिनिटांच्या आतलं गाणं, शेवटी तिचं खुदकन हसणं. हेडफोन लावून ऐका, तीन दिवसांनी मरणाऱ्या बाईचं ते हसणं वाटत नाही.

अल्बम जानेवारी १९७१ मध्ये आला आणि अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. त्यातलं ‘मी अँड बॉबी मॅगी’ हे गाणं मात्र तिने लिहिलेलं नाही, ते क्रिस क्रिस्टॉफरसन आणि फ्रेड फॉस्टरचं. मेसेज पुढे पाठवला असेल, तर हेही पाठवा.