गाणं वाजलं की हरायचं

डाव्या गालावरचा फेस वाळून ताणायला लागला, तरी वस्तरा हवेतच. कारागिराचे डोळे आरशाला टेकवलेल्या मोबाइलवर. सोलापुरात कटिंगची दुकानं सोमवारी बंद, आणि अमेरिकेतलं सोमवार रात्रीचं 'रॉ', म्हणजे 'डब्ल्यूडब्ल्यूई' कंपनीचा कुस्तीचा कार्यक्रम, आपल्याकडे मंगळवारी सकाळी उगवतं. त्यात मंगळवारी दाढी न करणारे बरेच, म्हणजे घाई करायला मागे गिऱ्हाईकही नाही.

बाकावर एक तात्या होते. माळशिरसकडचे, दोन्ही कान मोडलेले. म्हणजे मातीतला माणूस.

"ह्यो गडी जिंकत आलता की. मधीच मागं का बघाय लागला?"

"त्याच्या दुश्मनाचं गाणं लागलं, तात्या," कारागीर म्हणाला. "रिंगणात येतानाचं प्रत्येकाचं ठरलेलं असतं."

"मग वाजू दे की! गड्ड्याच्या जत्रंत पाळण्यापशी गाणी वाजत्यात. म्हणून पट काढलेला पैलवान पाय सोडून पाळणा बघतो व्हय?"

तोवर त्या गड्याला मागून गुंडाळून एक-दोन-तीन झालंही होतं. पुढच्या लढतीत पंच आडवा.

"ह्याला काय झालं?"

"धक्का लागला. पंच निजला की खुर्ची मारता येते. बघितलं तर फाउल."

"फाउल झाला की पट्टा गेला?"

"नाही. चॅम्पियन फाउलवर हरला तर पट्टा शक्यतो त्याच्याकडेच राहतो."

तात्यांनी तंबाखू मळायची थांबवली. "म्हंजे पट्टा राखायचा तर पंचाच्या डोळ्यांदेखत खुर्ची मारायची. मग ह्यो पंच निजायची वाट का बघतोय?"

"तात्या, बघू द्या की ओ!" कारागीर वस्तऱ्यासकट वळला. मी मान आवरली.

लोकांना वाटतं, हे खोटं म्हणून माझं मन उडालं. अहो, हा करमणुकीचा खेळ आहे, हे कंपनीनेच 1989 साली न्यू जर्सीच्या सिनेटला सांगून टाकलं होतं, सरकारी क्रीडा नियंत्रण टळावं म्हणून. पडणं मात्र खरं. कॅनव्हासखाली पातळ फोम आणि त्याखाली लाकडी फळ्या. पाठ आपटायची ती त्यावर. माणसं खरीखुरी मोडतात, आणि कशासाठी, तर खरा निकाल लागू नये म्हणून! दोघांची जोड पुढच्या मोठ्या कार्यक्रमात विकायची असते. आज कोणी सरळ चितपट झाला तर त्याचा भाव पडतो. म्हणून गाणं, धक्का, खुर्ची.

त्यात वेळ. 1993 मध्ये 'रॉ' एक तासाचं होतं, 1997 मध्ये दोन झाले, 2012 मध्ये तीन. तेवढ्या कुस्त्या कुठून आणणार? मग सुरुवातीला माइक घेऊन लांबलचक भाषण, दुसरा येऊन त्याला तोडणार, तिसरा दोघांना, आणि रात्रीची मुख्य लढत 'आत्ताच' ठरल्याचं जाहीर होणार. करारावर सही करायला टेबल मांडलं की ते मोडणार, हे तर शाळेतल्या पोरालाही ठाऊक. (हल्ली नेटफ्लिक्सवर पुढे सरकवता येतं. भाषण सोडा, शेवटची दहा मिनिटं बघा. काही चुकत नाही.)

आपल्या फडातही कुस्ती बरोबरीत सुटते. पण दोघं घामाने निथळेपर्यंत झुंजून, आणि पब्लिक दोघांनाही शिव्या घालून मगच उठतं. इथे शिव्या घालायच्या कुणाला? पंच निजलेला, खलनायक पट्टा घेऊन पसार, आणि आपल्याला सांगतात, खरा निकाल मोठ्या कार्यक्रमात. तिथे गाणं वाजणार नाही, याची हमी कोण देतो?