दात पांढरे करणारे जेल: फ्रीजर, ऊन आणि उलटलेली मुदत

दात पांढरे करणारे जेल फ्रीजरमध्ये ठेवले की वर्षानुवर्षे टिकते, वापरण्याआधी ते उन्हात किंवा गरम पाण्यात धरल्यास अधिक जोमाने काम करते आणि मुदत उलटताच विषारी होते, असे सांगणारा एक संदेश बराच फिरतो आहे. त्यातील पहिल्या दाव्यात निदान अर्धे तथ्य आहे.

या जेलमधील कामाचा घटक म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, किंवा ते युरियाशी बांधलेले कार्बामाइड पेरॉक्साइड, ज्यात वजनाने सुमारे 35 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असते. ते बाटलीतही हळूहळू पाणी आणि ऑक्सिजन यांत विघटित होत राहते, तापमान 10 अंश सेल्सिअसने वाढले की विघटनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि म्हणून थंड जागेचा उपयोग होतो हे मान्यच आहे. परंतु वेग मंदावणे म्हणजे विघटन थांबणे नव्हे. शिवाय उष्णता हे त्याच्या अनेक कारणांपैकी फक्त एक आहे. प्रकाश, लोह किंवा तांब्याचे सूक्ष्म अंश आणि अल्कधर्मी माध्यम हीही कारणे आहेत. दाताला टेकवलेले सिरिंजचे टोक न पुसता टोपण लावले, तर लाळेतील विकरे आतल्या पेरॉक्साइडचे विघटन सुरू करतात, याचा त्या संदेशात उल्लेखही नाही. गोठलेले जेल वितळताना त्यातील पाणी आणि घट्टपणा देणारा घटक वेगळे होऊ शकतात, आणि मग दातावर औषध सारखे पसरत नाही. वेष्टनावर शीतकपाटाची सूचना असेल, तर तिचा अर्थ साधारण 2 ते 8 अंश असा घ्यावा. बर्फाचा कप्पा त्यात येत नाही.

उन्हाचा सल्ला मात्र सरळ नुकसानीचा आहे. उष्णतेने क्रिया वेग घेते हे खरे असले, तरी ती दातावर घडायला हवी. नळीतच घडली, तर बाहेर येते ते दुबळे जेल. 3 टक्के द्रावणाच्या 1 मिलीलिटरमधून पूर्ण विघटनानंतर सुमारे 10 मिलीलिटर ऑक्सिजन निघतो, हे लक्षात घेतले की उन्हात राहिलेली नळी का फुगते ते कळते. फुगलेली नळी पाहून ‘ताकद वाढली’ असे समजणारेही आहेत!

मुदतीबाबतची भीती अतिरंजित आहे. पेरॉक्साइड विघटित होऊन विष तयार होत नाही. अडचण वेगळी आहे: परिणाम दिसेना म्हणून लोक जेल भरून दातांवर बसवायचा ट्रे अधिक वेळ लावून ठेवतात आणि दात शिवशिवू लागतात, हिरड्या चुरचुरतात.

राहिली डाग घासून काढणारी, पेरॉक्साइडविरहित पेस्ट. सिलिकासारख्या कणांवर चालणाऱ्या त्या पेस्टला हे विघटन लागूच नाही, त्यामुळे ती शीतकपाटात ठेवून काहीच साधत नाही.