पसंतीक्रम भरण्याआधी
शहरातली मुलं कटऑफ बघून आणि गावातली एसटी बघून अकरावीचं कॉलेज निवडतात, असं एका लेखात वाचलं, ते पटलं. पण 2025 पासून प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, अर्ज दोघांचा एकच. त्यात पसंतीची कॉलेजं कमीत कमी एक, जास्तीत जास्त दहा क्रमाने भरायची. पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. नेटकॅफेवाला घाईत भलतंच नाव वर टाकतो, ते इथे नडतं. एकाच कॉलेजची अनुदानित (सरकारी अनुदानावरची) आणि स्वयंअर्थसहाय्यित (विनाअनुदान, फीवर चालणारी) तुकडी यादीत वेगळी असते, फीत मोठी तफावत; यादीतला तुकडीचा कोड स्वतः तपासा. गावाकडून सायन्सला जाणाऱ्यांनी प्रॅक्टिकल किती वाजता सुटतं नि शेवटची गाडी कधी, हे आधी विचारावं. मुलींना बारावीपर्यंत एसटी पास मोफत आहे, गाडीची खात्री मात्र डेपोतच करावी.