जॉन ग्रिशम यांनी वकिली सोडून कादंबरी लिहिली, हे खरं नाही

न्यायालयीन थरारकथा लिहिणारे अमेरिकन कादंबरीकार जॉन ग्रिशम यांच्या फोटोखाली एक मजकूर गेली काही वर्षं फिरतो आहे. शब्द इकडचे तिकडे होतात, गोष्ट तीच राहते. वकिलीत जम न बसलेल्या एका अमेरिकन माणसानं कंटाळून एके दिवशी व्यवसायाला रामराम ठोकला, मनातली कादंबरी लिहून काढली आणि रातोरात जगप्रसिद्ध झाला. शेवटी सल्ला: तुम्हीही राजीनामा द्या, स्वप्नामागे जा. घराचे हप्ते फेडणारी माणसंसुद्धा हे एकमेकांना पाठवतात, म्हणून ते खोडून काढणं मला गरजेचं वाटतं.

आधी ‘जम न बसलेला वकील’ हा भाग. 1981 साली कायद्याची पदवी घेतल्यावर ग्रिशम यांनी मिसिसिपी राज्यातल्या साउथहेवन इथं वकिली सुरू केली आणि ती जवळजवळ दहा वर्षं केली. फौजदारी खटल्यांत आरोपींचा बचाव आणि अपघातात इजा झालेल्यांचे भरपाईचे दावे, हे त्यांचं काम. आठवड्याला 60-70 तास त्यात जायचे. शिवाय 1983 मध्ये ते राज्याच्या प्रतिनिधिगृहावर निवडून गेले आणि 1990 पर्यंत तिथं होते. याला अपयश म्हणायचं असेल, तर त्या शब्दाला अर्थच उरत नाही.

‘वकिली सोडली आणि मग लिहायला बसले’ हा दावा तर घडलेल्या क्रमालाच उलटा करतो. 1984 मध्ये डिसोटो काउंटीच्या न्यायालयात त्यांनी एका 12 वर्षांच्या मुलीची साक्ष ऐकली. तिच्यावर बलात्कार झाला होता. तिच्या बापानं त्या गुन्हेगारांना ठार केलं असतं तर काय झालं असतं, हा प्रश्न त्यांच्या डोक्यातून जाईना. मग ते पहाटे 5 वाजता उठू लागले. कामावर जाण्याआधी जे तास हाताशी येत, त्यात लिहायचं. अशी 3 वर्षं गेली आणि 1987 मध्ये ‘अ टाइम टु किल’ पूर्ण झाली. वकिली चालू, आमदारकी चालू, आणि कादंबरीही चालू.

ती कादंबरी वाचली की कळतं, न्यायालयात रोज उभं न राहणाऱ्याला ती लिहिता आली नसती. कृष्णवर्णीय बाप, मिसिसिपीतलं छोटं गाव आणि ज्युरीत बसलेले 12 गोरे लोक. निकाल कायद्याच्या कलमांवर जितका, तितकाच त्या 12 जणांच्या मनावर अवलंबून. ज्युरी निवडताना वकील काय हेरतो, साक्षीदार कुठं कच खातो, पक्षकाराकडे फी द्यायला पैसे नसले की काय होतं, हे सगळं पानापानांवर आहे. ‘द फर्म’ या त्यांच्या दुसऱ्या कादंबरीचंही तेच. कर सल्ला देणाऱ्या कंपनीतले काळे व्यवहार तिथं इतके सहज उलगडतात, कारण ग्रिशम यांची पहिली पदवी हिशेबशास्त्राची होती आणि कायदा शिकायला गेले तेव्हा कर-वकील व्हायचं त्यांच्या मनात होतं. ज्या कामाला हा मजकूर बेडी म्हणतो, त्याच कामानं त्यांना कादंबऱ्या दिल्या.

आता ‘रातोरात’. 28 प्रकाशकांनी हस्तलिखित परत पाठवलं, हे त्या मजकुरात असतं आणि ते खरं आहे. पुढचं मात्र गाळलेलं असतं. एका छोट्या प्रकाशनानं अखेर ते घेतलं, पण फक्त 5,000 प्रती छापल्या. त्यातल्या 1,000 ग्रिशम यांनी स्वतः विकत घेतल्या आणि गाडीच्या डिकीत टाकून विकत फिरले. पुस्तक फारसं चाललं नाही. त्यांना तारून नेलं ते एका सवयीनं: पहिली कादंबरी संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी पुढची सुरू केली होती. तीच ‘द फर्म’. छापली जाण्याआधीच तिचे चित्रपटहक्क 6 लाख डॉलरना विकले गेले. 1991 मध्ये प्रसिद्ध झाल्यावर ती न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीत 47 आठवडे राहिली. न्यायालयातल्या त्या साक्षीपासून मोजलं तर तोवर 7 वर्षं झाली होती. वकिलीचं दार त्यांनी बंद केलं ते हे पैसे दिसल्यावर, त्याआधी नाही.

राहता राहिलं त्या मजकुरातलं ‘कायद्याकडे पुन्हा वळूनही पाहिलं नाही’ हे वाक्य. यातलं काहीच खरं नाही. 2006 मध्ये त्यांनी ‘द इनोसंट मॅन’ हे सत्यकथन लिहिलं. न केलेल्या खुनासाठी रॉन विल्यमसन यांना फाशीची शिक्षा झाली होती. शिक्षेच्या अंमलाला 5 दिवस उरले असताना ती थांबली, आणि 1999 मध्ये डीएनए चाचणीमुळे त्यांची सुटका झाली. निरपराध कैद्यांना सोडवणाऱ्या ‘इनोसन्स प्रोजेक्ट’च्या संचालक मंडळावर ग्रिशम यांनी काम केलं आहे.

आणि 1996 मध्ये ते खरोखर न्यायालयात परतले. रेल्वेचा एक कर्मचारी दोन डब्यांमध्ये चिरडून मरण पावला होता. पूर्णवेळ लेखक होण्याआधी त्याच्या कुटुंबाला त्यांनी शब्द दिला होता. तोवर त्यांची पुस्तकं जगभर खपत होती, दुसऱ्या एखाद्या वकिलाकडे खटला सोपवणं सहज शक्य होतं. त्यांनी तो स्वतः लढवला. ज्युरीनं कुटुंबाला 6,83,500 डॉलर दिले, आणि ग्रिशम यांच्या वकिलीतला तो सर्वांत मोठा निकाल ठरला.